गोदाक्का आणि एक आखूड बाही

गोदाक्का उभ्या माणसाचं माप घेत नसे. पनवेलच्या मोटार अड्ड्याला लागून, चिंचेखाली तिचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानात एक रॉकेलच्या डब्यांचं रिकामं खोकं आणि खोक्यासमोर रोवलेल्या खांबाला ठोकलेलं मिलिटरी गाडीचं जुनं स्टेअरिंग. जॅकेट पाहिजे म्हणून गेलं की ती आधी म्हणायची, "बस खोक्यावर. चाक धर." माणूस चाक धरून बसला की मेण लावलेला दोरा काढायची. दोऱ्याचं एक टोक गिऱ्हाइकानं स्वतः खांद्याला धरायचं, दुसरं ती मनगटापाशी धरणार. अंगाला बोट लागू द्यायची नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ताठ उभा राहिलो होतो. तिनं वरखाली पाहिलं आणि विचारलं, "लगीन लावायला आलास का? गाडी बसून चालवतोस ना?"

तिचं म्हणणं खरंच होतं. उभ्यानं बरोबर बसलेलं जॅकेट चाक धरलं की पाठीत ओढतं, बाह्या कोपराकडे पळतात आणि घाटातला वारा मनगटातून काखेपर्यंत जातो. तेव्हाच्या गाड्यांना धड दारं नव्हती. खाली पनवेलीत घामाच्या धारा, आणि खोपोली सोडून वर चढलं की थंडीच्या दिवसांत दात वाजायचे. बनियनवर कातडं चढवल्याशिवाय खंडाळा ओलांडणं कुणाचं काम नव्हतं.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर गोऱ्या पलटणींचं सामान मुंबईत ढिगानं विकायला निघालं, त्यातले जॅकेटांचे गठ्ठे गोदाक्का उचलून आणायची. चांभाराच्या घरातली, लवकर विधवा झालेली, सहा फुटी बाई. दातांना मिशरी आणि आवाज भोंग्यासारखा. ढिगातून एकेक कातडं ओढून ती काखेत नाक घालायची, मग चिमटीत पिळायची. सुरकुती पडून परत गेली तर "जित्तं हाय" म्हणून उजवीकडे, तशीच राहिली तर डावीकडे. उलट्या बाजूचं, लव असलेलं कातडं असतं, त्याला आम्ही ड्रायव्हर लोक 'मखमल' म्हणायचो. तरण्या पोरांचा जीव त्याच्यावर. तिचा राग. "मखमल नवरदेवानं घालावी. एक पाऊस खाल्ला की तिचं तोंड उतरतं, ते वर येत नाय." तरी एखाद्यानं हट्ट केलाच तर देताना एक बोट घट्ट द्यायची, कारण मखमल लवकर सैल पडते.

माझ्या डोक्यात तिचं एक वाक्य कायमचं बसलंय. "नवं घट्ट घे, ते तुझ्या अंगाला सुटंल. जुनं बसलं तरच घे. त्याला जे सुटायचं ते दुसऱ्याच्या अंगावर सुटून झालंय."

आणि मालक लोकांना ती खोक्यावर बसू द्यायची नाही. कितीही मोठा असो. "मालकाला जॅकेट कशाला? त्याला कुठं थंडी लागते," म्हणायची आणि समोरच तंबाखू चोळत बसायची. त्यामुळे झालं असं, की गोदाक्काच्या हातचं जॅकेट हा पनवेलीत मान झाला. ज्याच्या अंगावर ते, तो ड्रायव्हर. आणि मालकांना त्याचीच चुटपुट.

सगळ्यांत जास्त चुटपुट नानूशेठला. तीन गाड्यांचा मालक. मी करंज्याहून सुकी मासळी वाहायचो, ते सोडून त्याच्याकडे लागलो. माझं गाव नेऱ्याकडचं, अड्ड्यावरची जुनी माणसं मला माहीत नव्हती. दसऱ्याला गाड्या धुऊन, झेंडू बांधून, नारळ फोडला की मालकानं ड्रायव्हरला कापड द्यायची पद्धत होती. नानूशेठ हाताचा आखडता. त्यानं घरातून एक जुनं मिलिटरीचं जॅकेट आणून माझ्या हातात दिलं. पेटीत पडून बुरशी आलेलं, पण कातडं अस्सल घोड्याचं. शेठ म्हणाला, "मिलिटरीचं सगळं एका मापाचं असतं. घाल."

मी घातलं. उभ्यानं झकास बसलं, डावी बाही जराशी आखूड वाटली एवढंच. गाडीत बसून चाक धरलं तर उजवी बाही मनगटावर आणि डावी पार वर सरकलेली. त्याच संध्याकाळी ते घेऊन मी गोदाक्काकडे गेलो आणि डावी बाही वाढवून दे म्हणालो.

तिनं खोक्यावर बसवलं, चाक धरायला लावलं. दोरा काढायला हात कनवटीला गेला तो तिथंच राहिला. मला वाटलं बाईला चक्कर आली. तिनं जॅकेट काढायला लावलं, डाव्या बाहीचं अस्तर उलटं केलं, आतल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. तिचेच टाके. मग विचारलं, "कुणी दिलं?" मी सांगितलं. त्यावर तिनं दुकानाचं फळकूट लावून घेतलं आणि मला सगळं सांगितलं.

यशवंता तिचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर हिनंच वाढवलेला. लहानपणी चिंचेवरून पडून त्याचा डावा हात मोडला, तो पुरा सरळ कधी झालाच नाही. तरी गाडी अशी हाकायचा की जुने लोक त्याच्या मागं गाडी ठेवायचे. अड्ड्याजवळ दुकान टाकल्यावर मिलिटरीच्या ढिगातलं कापून तिनं शिवलेलं पहिलं जॅकेट त्याचं, त्या हाताच्या मापानं डावी बाही आखूड. यशवंता नानूशेठच्या गाडीवर होता. एका थंडीत वर मिठाची पोती आणि खाली कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, चोरटा तांदूळ भरून गाडी पुण्याकडे निघाली. क्लीनर तापानं घरी. घाटात गाडी कातळावर आदळून उलटली. सकाळी दूधवाल्यांनी पाहिलं तेव्हा यशवंता रस्त्याकडेला पडलेला, अंगात धुगधुगी होती. बनियनवर होता. 'थंडी वाजते' एवढंच म्हणत होता. खोपोलीला आणेस्तोवर गेला.

नानूशेठनं पोलिसांना सांगितलं, मी रात्रभर घरी होतो, तांदूळ ड्रायव्हरनं चोरून भरला, आणि तो प्यायलेला असणार. झालं. यशवंता मेला तो चोर आणि दारुडा म्हणून मेला. अड्ड्यावर दोन तट पडले, निम्म्यांनी शेठचं खरं मानलं. गोदाक्काला एकच प्रश्न पडलेला. थंडीत निघताना तिनं स्वतः त्याच्या गळ्याशी बटण लावून दिलं होतं. मग जॅकेट गेलं कुठं? दूधवाल्यांना विचारलं, पोलिसांना विचारलं. गाडीतही नव्हतं. कुणालाच ठाऊक नाही.

ते आता माझ्या मांडीवर होतं. माझं रक्त तापलं. मी म्हणालो, आक्का, आत्ता जातो आणि शेठला चौकात आणून तुडवतो. ती म्हणाली, "हात लावलास तर लोकांना त्याची दया येईल. मला तो मारलेला नको. मला तो मापलेला पायजे." आणि बजावलं, शेठनं विचारलं तर सांग, बाही वाढवायला टाकलंय.

दसरा ते दिवाळीचा पाडवा, तेवढे दिवस तिनं ते जॅकेट उशाशी ठेवलं. शेठच्या पोटावर बसावं म्हणून दोन्ही कुशींना पट्ट्या घातल्या. तेल पाजून पाजून काळं कुळकुळीत केलं, शेठनं पेटीतून काढलेलं हेच का, असं मलाही वाटावं. बाह्यांना मात्र हात लावला नाही. मग माझ्याच तोंडी शेठला निरोप दिला, की गोदाक्का तुमचं माप घ्यायला तयार आहे, पाडव्याला, अड्ड्यावर, सगळ्यांदेखत. शेठला एवढा आनंद झाला की त्यानं मला चहा पाजला. माझ्या आयुष्यात इतका गोड चहा मी कधी प्यायलो नाही.

पाडव्याला गाड्यांची पूजा झाली आणि तिनं खोकं चिंचेखाली मधोमध आणून ठेवलं, स्टेअरिंगचा खांबही उपटून पुढ्यात रोवला. सगळे ड्रायव्हर, क्लीनर, पंपावरची माणसं गोळा झाली. शेठ जरीची टोपी घालून आला. गोदाक्कानं त्याला कोट काढायला लावला. "आधी नमुन्याचं घालून बघा शेठ. तुमचं मागनं शिवू, मखमलीचं." मागून तिनं जॅकेट चढवलं. पुढची बटणं लागली. शेठ आमच्याकडे बघून हसला.

"आता धरा चाक."

त्यानं हात पुढे केले. उजवी बाही मनगटावर राहिली. डावी सरकत सरकत पार वर गेली आणि त्याचा गोरा हात उघडा पडला. अब्बासचाचा म्हणून सगळ्यांत जुना ड्रायव्हर होता, यशवंताबरोबर त्यानं कितीतरी खेपा केलेल्या. तो पुढे आला, बाहीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ये तो यशवंता का हाथ है."

शेठ उठायला गेला. गोदाक्कानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवला. गिऱ्हाइकाच्या अंगाला तिचा हात लागलेला मी तेवढाच एकदा पाहिला. "बसा. माप व्हायचं हाय. हे तुमच्या घरी कसं आलं?"

शेठ म्हणाला, गाडीत राहिलं होतं, नंतर सापडलं. अब्बासचाचा म्हणाला, गाडी आम्ही आमच्या हातांनी रिकामी केली शेठ, पोतं न् पोतं, जॅकेट नव्हतं. शेठच्या कपाळावरून घाम गळत होता. दिवाळी असली तरी पनवेलीचं ऊन ते, आणि अंगावर घोड्याचं कातडं. बटणं सुटेनात, तिनं ती मुद्दाम घट्ट बसवली होती. आणि तो घाबरून ओरडला, "अरे चोरलं नाही मी. त्यानंच दिलं मला. थंडी वाजत होती मला, म्हणून दिलं त्यानं."

गोदाक्का वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, पण आवाज तिचा, अख्ख्या अड्ड्याला ऐकू गेला. "कुठं वाजली थंडी, शेठ? पनवेलीत?"

शेठला कळलं आणि आम्हालाही कळलं. तांदळाबरोबर तो स्वतः गाडीत होता. ड्रायव्हरच्या अंगावरचं काढून स्वतःच्या खांद्यावर घेऊन बसला होता. गाडी उलटल्यावर हा धडधाकट बाहेर आला, आणि यशवंताला बनियनवर तिथंच टाकून घरी येऊन झोपला. कुणाला हाकसुद्धा मारली नाही.

गोदाक्कानं बटणं काढली, जॅकेट हातावर घेतलं आणि म्हणाली, "झालं माप." बस. शिवी नाही, रडणं नाही.

पोलिसांत पुढे काही झालं नाही. पण नुकत्या पूजा केलेल्या गाड्यांच्या किल्ल्या त्याच संध्याकाळी शेठच्या उंबऱ्यावर पडल्या. पहिली मी टाकली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पनवेलीत त्याच्या गाडीवर पुन्हा कुणी बसला नाही. बाहेरून ड्रायव्हर आणले, तर अड्ड्यावर पहिल्या चहालाच त्यांना बाहीची गोष्ट कळायची आणि तेही जायचे. झेंडूच्या माळा गाड्यांवरच वाळल्या. पुढल्या पावसाळ्यात टपांतून गवत आलं. मी मुद्दाम वाट वाकडी करून ते बघायला जायचो आणि मला बरं वाटायचं.

गोदाक्कानं कुशीच्या पट्ट्या उसवून जॅकेट होतं तसं केलं आणि दुकानाच्या दारात टांगलं, शेठ देवळात जायचा त्या वाटेवर. दर शनिवारी त्याला तेल लावायची. अंत जवळ आल्यावर शेठनं मुलाला पाठवलं, की एकदा येऊन माफ केलं म्हण. शेजारचे भटजी तिला समजवायला बसले, वैर इथंच सोडावं, पुढं नेऊ नये. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मुलाला विचारलं, "बापाला पांघरूण हाय का?" तो म्हणाला, आहे. "मग माझ्या भावापरीस बरं हाय त्याचं," म्हणाली आणि दोऱ्याला मेण लावायला लागली. गेली नाही. मी म्हणतो, बरोबर केलं. ज्यांचं कुणी रस्त्यावर टाकलेलं नाही, त्यांनी माफी शिकवू नये.

ती वारली तेव्हा दुकानात घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. ड्रायव्हरांची आवड बदलली होती, गाड्यांना काचा आल्या होत्या. शेवटच्या दुखण्यात तिनं मला बोलावलं आणि जॅकेटाकडे बोट केलं. मी म्हणालो, आक्का, मला बसत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच तुला देते. घालू नको. ठेव."

ठेवलंय. खोकंही माझ्याकडेच आहे. शनिवारचा नेम मी चुकवत नाही, हात कापतात तरी. मागल्या वर्षी नानूशेठचा नातू आला. चांगला शिकलेला, गोड बोलणारा. म्हणाला, आजोबा, जुन्या गोष्टी झाल्या, असली जॅकेटं आता मिळत नाहीत, मला द्या, मी नीट सांभाळीन. मी त्याला खोक्यावर बसवला. जॅकेट चढवलं आणि हात पुढे करायला सांगितलं.

डावी बाही सरकत वर गेली. तो आपल्या उघड्या हाताकडे बघत राहिला. बाहीचं कारण त्याला घरात कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. सगळं, काही न गाळता, त्याच्या आजोबाच्या नावानिशी.

मग त्याच्या अंगावरून काढून घेतलं आणि परत खुंटीला लावलं.

"तुला बसत नाही," मी म्हणालो.