ताईंचा निरोप

संशोधन संस्थेत त्यांना सगळे ताईच म्हणत. संचालकसुद्धा, आणि ते वयाने मोठे होते. ताईंनी उभा जन्म एकाच कृष्णविवरामागे काढला. शेजारी एक तारा. त्याचा वायू हे महाशय ओढून घेणार, तो गरगरत तापणार आणि त्यातून क्ष-किरण लुकलुकत बाहेर पडणार. ताईंनी त्याचं नावच ठेवलं होतं, भस्म्या. पण कित्येक वर्षं भस्म्या उपाशी बसला होता. उपग्रहावरची दुर्बीण रोखावी, तर मिणमिणसुद्धा नाही. "माझ्याच वेळी रुसायचं होतं मेल्याला," म्हणत ताई निवृत्त व्हायला निघाल्या.

निरोप समारंभात संचालक "ताईंसारखी माणसं..." इथवर आले आणि ताईंचा फोन किणकिणला. भस्म्या जेवायला बसला होता! हातातला पुष्पगुच्छ नवऱ्याच्या मांडीवर टाकून ताई धावत सुटल्या.

संचालक गोंधळले. पण भाषण पाठ केलेलं. मध्येच थांबलं की सगळं विसरायला व्हायचं. त्यांनी ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "अहो, जरा सरकून बसता का?"

नवरा सरकला. त्याचं चपलांचं दुकान. जन्मात कुणी त्याला चार शब्द बरे बोललं नव्हतं. इथे तर त्याची चिकाटी, त्याची दूरदृष्टी, त्याचे शोधनिबंध! बिचाऱ्याला हुंदका आवरेना. उत्तराला उठून तो म्हणाला, "चावणारी चप्पल घालू नका. पुढे सैल होते म्हणतात, ते खोटं आहे. पायच हार मानतो." सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

तिकडे ताई पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. वायू आत आत सरकत होता तशी लुकलुकीची लय चढत होती. "जेव रे बाबा, पोटभर जेव," त्या पुटपुटल्या आणि पदराने डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर हजर.

"ताई, तुम्ही निवृत्त झालात ना?" कारकून म्हणाला.

"मी? मला कुणी निरोप दिला?"

कारकुनाने संचालकांना गाठलं. संचालकांनी आठवून पाहिलं. निरोप नवऱ्याला दिला होता, यात वाद नव्हता. पुन्हा समारंभ म्हणजे नवं भाषण पाठ करणं आलं.

"राहू द्या त्यांना," ते म्हणाले.

नवऱ्याने मात्र निवृत्ती मनावर घेतली. दुकानाला कुलूप ठोकलं, आरामखुर्ची आणली. "थकलो गं. किती वर्षं ती कृष्णविवरं!"

"बरंच झालं," ताई म्हणाल्या. "आता माझा डबा तुम्हीच करत जा."

तो करू लागला. मीठ अंमळ जास्तच पडतं, पण एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला सांगणार कोण?