पिवळं झबलं

मागच्या महिन्यात बडनेऱ्याहून अकोल्याला गेलो होतो... पिशवीत फक्त एक पिवळं झबलं. मूर्तिजापूर येईपर्यंत, ते आहे ना म्हणून सारखी पिशवी उघडून पाहत होतो. एकदा वाटलं, इथेच उतरावं आणि परत फिरावं.

ते झबलं माझ्या बायकोने, वैशालीने शिवलेलं. कोरोनाच्या काळात, स्वतःच्या जुन्या ओढणीतून. "बाळ व्हायच्या आधी कपडे शिवत नाईत बापा," आई म्हणाली होती. वैशाली हसली आणि शिवत राहिली.

दुसऱ्या लाटेत, सातव्या महिन्यात, तिला कोरोना झाला. श्वास कमी पडायला लागला, डॉक्टरांनी सिझर केलं. आमची सई काचेच्या पेटीत आणि वैशाली वरच्या मजल्यावर कोविड वॉर्डात...

नर्सने झबलं घालून बाळ व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "ढगळ झालं," वैशाली मास्कमधून म्हणाली, "होईल बरोबर." त्याच आठवड्यात ती गेली. मुलीला हात लावायचा राहूनच गेला.

नंतर आई एकदा शेजारणीपाशी बोलली... आधी शिवलं म्हणून पोरगी आधी आली. मी आतल्या खोलीत होतो. तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. झबलं कपाटाच्या तळाशी गेलं.

आता अकोल्याच्या माझ्या मावसबहिणीला, रेखाला, मुलगा झाला. तोही सातव्याच महिन्यात. बाळाच्या अंगात पहिल्यांदा दुसऱ्या धडधाकट बाळाचे जुने कपडे घालायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून मावशीचा फोन आला. आईच मला म्हणाली, "ते पिवळं काढ."

"तेच?"

"तेच. आपली पोरगी जगली ना त्याच्यात."

मला राग आला की बरं वाटलं, अजून सांगता येत नाही.

दवाखान्यात रेखाने झबलं मांडीवर पसरून पाहिलं. "दादा, हे तं लय मोठं होते रे त्याले." होईल बरोबर, मी म्हणालो. "अंगात आलं की फोटो पाठवीन तुले," ती म्हणाली.

तेव्हापासून सारखा फोन पाहत होतो. ऑफिसात, सिग्नलला, जेवताना... बाळ कसं आहे हे रेखाला विचारायची हिंमत होत नव्हती.

काल फोटो आला. बाह्या दुमडलेल्या, मुठी घट्ट. सई बघून म्हणाली, "मी एवढुशी होती?"

आईने चष्मा लावला. फोटो मोठा करून बराच वेळ शिलाई पाहिली. "वैशालीचा हात चांगला होता," ती म्हणाली. "कुठीच उसवलं नाई."

मी फोन तिच्याच हातात राहू दिला... रेखा, फोटो पाठवलास, फार बरं झालं.