डाळ शिजली तेच पाणी माशांना

बायको गेली आन तिची माशांची काचपेटी माझ्या गळ्यात पडली. आत हिरवी झाडं, सात मासे. मी बोअरचं पाणी ओतत गेलो. काचेवर पांढरा थर चढला, पानं पिवळी पडली, दोन मासे मेले. तिचं एवढंच मागं राहिलं होतं, तेबी मी मारत होतो.

दुकानदार म्हणला, "आजोबा, पाण्यात क्षार लई. पीएच पण चढलाय. जारचं पाणी मिसळा, पण निव्वळ तेच नका टाकू. हा पीएचचा कागद बुडवून रंग बघत जा."

कागदावरचे बारीक रंग मला कुठं वळखू येत्यात? पण बोअरच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई म्हणून ती रोज करवादायची, ते आठवलं. मग मी बोअरच्या पाण्यात जारचं पाणी रोज थोडं वाढवत गेलो आन त्यात डाळ लावली. अर्धं-अर्धं केलं तवा लोण्यावानी शिजली. मग त्याच मापाचं कोरं पाणी पेटीत थोडं थोडं घातलं.

पंधरा दिवसांनी दुकानदाराकडं बाटली नेली. कागद बुडवून म्हणला, "पीएच बरोबर सात. कुणी शिकवलं?"

"मालकिणीनं."

आज नवी पानं फुटली, पाची मासे नाचायले. मीबी धोतर सावरत पेटीभवती नाचलो. मग डाळीची वाटी तिच्या फोटोपुढं ठेवली आन म्हणलो, "खा. आता बोल काय बोलायचं ते."