इकडचे जट्ट

मला ट्रॅक्टर उत्तम चालवता येतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्याकडे त्या दिवसाचा विषय निघाला की सगळं खापर माझ्या ड्रायव्हिंगवर फुटतं. ड्रायव्हिंगमध्ये काहीही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते दुसरंच.

ऋतुजा ही माझ्या धाकट्या भावाची, सुनीलची, एकुलती एक मुलगी. तिने ऑफिसातला हरप्रीत नावाचा सरदार मुलगा पसंत केला. सुनील चाचरत चाचरत मला म्हणाला, "ताई, तू हो म्हणालीस तरच पुढे जायचं." आई गेल्यावर ह्या भावाला मीच वाढवलंय, आणि आमच्या निफाडच्या भाऊबंदांत माझ्या शब्दाला वजन आहे. (नुसत्या शब्दालाच नाही, असं आमचे हे म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.)

"जातीबाहेर?" मी म्हटलं. "मग मी मांडवात पाऊल टाकणार नाही!"

झालं! पोरगी जेवेना. पोरगी जेवेना म्हणून सुनील जेवेना. केलेला स्वयंपाक नुसता डब्यांत भरून ठेवायचा.

मार्ग सापडला तो नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या झुंबा क्लासमध्ये. तिथे आम्ही समस्त काकूमंडळी रोज सकाळी पंजाबी गाण्यांवर घाम गाळतो. एक दिवस माझ्या लक्षात आलं की प्रत्येक गाण्यात एक जट्ट असतो. जट्टाची जमीन, जट्टाचा ट्रॅक्टर, जट्टाची मिशी, जट्टाचा राग! मी शिकवणाऱ्या पोरीला विचारलं, "अगं, हे जट्ट जट्ट काय असतं?"

"काकू, तिकडचे जमीनदार. फुल रुबाब!"

माझा हात हवेत होता तो तिथेच राहिला. जमीन, ट्रॅक्टर, मिशी आणि राग? अहो, हे तर आमचे वडील! म्हणजे जट्ट म्हणजे तिकडचे आपणच की! आणि पंजाबी म्हटला म्हणजे जट्टच असणार. गाण्यांत दुसरं कुणी असतंच कुठे?

तशीच घामाघूम सुनीलच्या घरी गेले. "ऋतुजा, मुलगा जट्ट आहे ना?"

तिने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आत्या, त्यांचं ना... ट्रकचं काम आहे. बॉड्या बांधतात. आडगावला कारखाना आहे."

"कारखाना? मग जट्टच!"

"आत्या, चहा टाकू का?" ती म्हणाली. मी तो होकार समजले.

त्याच दिवशी भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकून दिलं: 'मुलगा जट्ट आहे. तिकडचे शहाण्णव कुळीच समजा.' कळवणच्या चुलत्यांनी अंगठा पाठवला, घोटीच्या काकूंनी फेटेवाला सरदार पाठवला, आणि ऋतुजाचं लग्न ठरलं.

ठरलं असं की संध्याकाळी गोरज मुहूर्तावर आपल्या पद्धतीने लग्न लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुद्वारात त्यांच्या पद्धतीने. वरातीचं खातं मी मागून घेतलं. "घोडा सांगू का?" सुनीलने विचारलं. घोडा! जट्ट कधी घोड्यावर बसतो का? मी आमच्या मळ्यातला मोठा ट्रॅक्टर धुऊन घेतला, त्याला झेंडूच्या माळा घातल्या, मागच्या ट्रॉलीत सिंहासन ठेवलं. आणि पुढे, बॉनेटच्या वर, लोखंडी फ्रेमवर दिव्यांची अक्षरं लावून घेतली: जट्ट!

"फ्रेम उंच झालीये," आमचे हे म्हणाले.

"तुम्हाला सगळंच उंच वाटतं," मी म्हटलं. (पाच फूट दोन इंच आहेत.)

नवरदेव मारुतीच्या दर्शनाला आला होता. देवळाबाहेर ती अक्षरं पाहिली आणि तो पांढराफटक पडला. पोरगा नाशिकात वाढलेला, मराठी आपल्यासारखंच बोलतो. "आत्या, घोडा नाही का मिळणार? नाही तर चालत जातो ना मी. पळत जातो!"

"लाजतोस काय! चढ वर!"

मी नऊवारीचा काष्टा खोचला, गॉगल लावला आणि ट्रॅक्टरवर बसले. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात कॉर्डलेस माइक. काय सांगू, त्या रस्त्याने जाताना मला जे वाटलं, ते माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं!

लॉन्सच्या कमानीच्या आत सगळी पंजाबी मंडळी व्याह्यांच्या भेटीसाठी हार घेऊन उभी होती. मधोमध खुर्चीवर एक पांढऱ्या ओढणीतली म्हातारी. हीच हरप्रीतची आजी, बीजी. जालंधरकडच्या गावाहून आदल्या दिवशीच आली होती, आमची अजून भेट नव्हती. मी माइक तोंडाशी धरला आणि माझ्या खास हिंदीत गर्जले, "बीजी! आप उधर के जट्ट, और हम इधर के जट्ट! सोयरिक जम गया!"

बीजींचं तोंड असं काही झालं की मी कमानीकडे पाहायची विसरले. खाड्! फ्रेम कमानीत अडकली, ट्रॅक्टर बंद पडला, आणि 'जट्ट' फाटकाच्या बरोबर मधोमध लुकलुकत राहिला.

बीजी काठी टेकत उठली. "की केहा?"

"जट्ट, जट्ट!" मी प्रेमाने म्हटलं.

"असीं जट्ट नहीं, तरखाण हां!" आणि मला कळावं म्हणून हिंदीत, "सुतार! उमर भर जट्टों के हल बनाए हमने, और किसी ने मंजी पे, खाट पे, बैठने को नहीं कहा. मैंने पोते को एक ही बात बोली थी, जट्टों जैसे घर की लड़की मत लाना! पप्पी, गाड़ी निकाल!"

पप्पी म्हणजे नवरदेवाचा बाप, चांगला सहा फुटी. त्याने मुकाट्याने गाडी काढली आणि फाटकापाशी आणून उभी केली. पुढे जाणार कुठून? फाटकात मी!

"ट्रैक्टर हटा!" बीजी ओरडली.

मी चावी फिरवली. ढिम्म! म्हटलं निदान खाली तरी उतरावं, तर काष्टा गिअरच्या दांड्यात अडकलेला. नवरदेव माझ्या मागे, नवरी आत, सूर्य मावळायला आलेला, आणि गुरुजी माइकवरून हाका मारताहेत, "मुलीच्या आत्याबाई कुठे आहेत?" सगळ्यांना दिसत होत्या हो!

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली ऋतुजा धावत आली. रडून रडून काजळ गालावर. "आत्या, चूक माझी आहे. ते सुतार आहेत. बाबांना माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. तू मोडशील म्हणून तुला नाही सांगितलं." मग बीजीकडे वळून, "और बीजी, हमारी अंगूर की हातगाड़ी नहीं है. बाग है. बड़ा."

"हातगाडी?" मी वरून किंचाळले. "आमची हातगाडी?"

"हरप्रीतने सांगितलं होतं. नाही तर बीजी हो म्हणत नव्हत्या."

"खोटारडे!" मी म्हटलं.

"झूठे!" बीजी म्हणाली.

दोघी एकदमच बोललो. मग एकमेकींकडे पाहिलं. मला भयंकर लाज वाटत होती. आमच्या ओसरीवर सुतार कुठे बसायचा ते आठवलं. पायरीवर. त्याला वर बस म्हणताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं. बीजीने मला खालून वर न्याहाळलं: गॉगल, माइक, झेंडू, गिअरमध्ये काष्टा. तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"सारी उमर देखा," ती म्हणाली, "जट्ट का ट्रैक्टर रास्ते में खड़ा! पर जट्ट को ऐसे फँसा हुआ आज पहली बार देखा!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकली, तशीच पुढे आली, स्वतःच्या हाताने माझा काष्टा सोडवला आणि पप्पीला म्हणाली, "पहले ये जट्ट निकालो. फिर ट्रैक्टर भी निकलेगा." पप्पी आणि सुनीलने मिळून फ्रेम उतरवली, चौघांनी ट्रॅक्टर मागे ढकलला, आणि दोघांनी मला उतरवलं. (तीन जणांनी. पण ते असो.)

फाटक मोकळं झालं. आता गाडी बाहेर जाऊ शकत होती. बीजी गाडीपाशी उभी, ऋतुजा पदराचं टोक पिळतेय, सुनील माझ्याकडे बघतोय. लहानपणी काही मोडलं की बघायचा तसाच.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बीजी, मत जाओ. पोरी का क्या चूक? मेरी पुढची खुर्ची तुमको. मैं नीचे बैठेगी!"

बीजीने मला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नीचे बैठेगी तो उठाएगा कौन?"

सगळा मांडव हशाने फुटला! "दो कुर्सी लगाओ," बीजी म्हणाली आणि माझा दंड धरून आत चालायला लागली. गोरज मुहूर्त थोडक्यात साधला. अक्षता टाकताना आम्ही दोघी मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि दोघीही रडत होतो. ती सांगते की ती रडत नव्हती.

आता झुंबात मी त्या पोरीला रोज विचारते, "सुतारांचं एखादं गाणं लाव की गं!" ती म्हणते, "काकू, शोधावं लागेल." अजून शोधतेच आहे.

बीजीचा दर रविवारी फोन येतो. उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "हां जट्टिए, उतर गई ट्रैक्टर से?" चक्क टोमणा मारते, हे मला पक्कं ठाऊक आहे. सगळं कळलंय, सगळं वळलंय. पण काय करू? 'जट्टिए' ऐकलं की मान मेली आपोआप ताठ होते!