दादाचा ळ

पोलादपूरच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा दादाने माझी बॅग उचलून आत ठेवली. तिच्यावर त्याने पांढऱ्या रंगात माझं नाव-आडनाव छापलं होतं. अक्षरं कबड्डीच्या बनियनवर छापायचा तीच, जाड आणि कोनाकोनांची. आई म्हणाली, "एवढं मोठं कशाला रे?" दादा म्हणाला, "लांबनं दिसाया नको?"

दादा जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर ब्लेडने अक्षरं कापायचा आणि त्यांतून रंग मारायचा. वळण घ्यायला गेलं की फिल्म फाटते, म्हणून सगळ्या रेघा सरळ. शिमग्याआधी वाडीतली पोरं बनियनं घेऊन आमच्या पडवीत यायची आणि रंग वाळेपर्यंत आदल्या वर्षीच्या पकडींवरून भांडत बसायची. दादा स्वतः कधी खेळला नाही, पण त्या संध्याकाळी संघ त्याचा असायचा.

पुण्यात मी फाँट बनवणाऱ्या ऑफिसात लागलो, तो अजून तिथेच आहे. मध्यंतरी खेळाच्या जर्सींसाठी ठसठशीत, टोकदार फाँट हवा होता. मी माळ्यावरची बॅग काढली. आमच्या आडनावातल्या ळ ला खालच्या अंगाला एक तिरकी खाच होती. ती मला फार आवडली. जोडाक्षरं धरून सातशेच्या वर आकार काढले आणि जमेल तिथे ती खाच दिली. फाँट चांगला चालला.

गेल्या वर्षी शिमग्याच्या दोन दिवस आधी गावी गेलो. वाडीचा संघ महाडहून छापून आणलेल्या चकचकीत जर्सीत होता, आणि अक्षरं माझी. दादा चुन्याने मैदान आखत होता. मी म्हटलं, "दादा, हा फाँट मी केलाय."

तो उठला. एका पोराला वळवून त्याच्या पाठीवरच्या 'मंडळ'मधला ळ त्याने बोटाने चाचपला.

"अरे, हे तर माझं ब्लेड घसरलेलं हाय!"

"म्हंजे काका, आमी सगळेच घसरलेले?" पोरगा म्हणाला. सगळे हसले, दादाही हसला. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "सांगायचंस रे. नीट कापून दिला असता."

संध्याकाळी पडवीत कोणी आलं नाही. फिल्मा सुतळीत ओवून खुंटीला टांगलेल्या होत्या. आईने सवयीने चहाचं मोठं पातेलं ठेवलं, मग निम्मं पाणी काढून टाकलं.

इतकी वर्षं फोनवर मी भाताचं विचारलं, आईच्या गोळ्यांचं विचारलं. अक्षरांचं एकदाही नाही.

निघताना म्हटलं, "बॅगेवरचं नाव पुसट झालंय." दादा म्हणाला, "जुन्या फिल्मा कडक झाल्या. नवी आण, कापतो." पुण्यात चार ठिकाणी विचारलं. एक्स-रे आता मोबाइलवर येतो.

गाव कुठलं, असं कोणी विचारलं की पोलादपूर सांगतो. मनात मात्र ती पडवी येते, जिथे मी लांबून दिसावं म्हणून कोणीतरी माझं नाव मोठं छापलं होतं. ते आता जवळ धरूनही नीट वाचता येत नाही.