कुवेतची कॅसेट

भद्रकाली मोहल्ल्यातल्या मेहरुन्निसाबींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हायचा. थोरला अन्सार कुवेतला गेल्यापासून त्यांचं बोलणं कॅसेटमध्ये भरून त्याच्याकडे जायचं आणि त्याचं उत्तरही तसंच यायचं. ते ऐकून ऐकून टेपरेकॉर्डर शिणला, बाई शिणल्या नाहीत.

पंचाऐंशी साली अन्सारने एका ओळखीच्या माणसाबरोबर एक खोकं पाठवलं. त्यात दोन कॅसेटी दिसताच बाईंनी एक घाईघाईने लावली. आतून नुसती किंचाळी आणि खरखर. पोराचा घसा गेला म्हणून त्यांनी गळा काढला. त्यांचे यजमान सलाउद्दीन मियाँ यांनी सोबतची चिठ्ठी वाचली तेव्हा उलगडा झाला. खोक्यात कॉम्प्युटर होता. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून त्यात प्रोग्राम भरायचा. दोन कॅसेटींत टायपिंगचे दोन प्रोग्राम होते, त्यातला बरा वाटेल तो निवडायचा. यापुढे अब्बांनी टाईप केलेली पत्रंच पाठवावीत, बोललेल्या कॅसेटी नकोत. बाकीचं बाईंना कळलं नाही, शेवटचं मात्र काळजाला लागलं.

मियाँ नगरपालिकेतले निवृत्त कारकून. निवड करायची म्हटल्यावर त्यांना स्फुरण चढलं. पहिल्या प्रोग्राममध्ये अक्षरं ठसठशीत, पण चार शब्दांत ओळ भरायची. दुसऱ्यात ओळ लांब, पण अक्षरं मुंगीएवढी, वाचायला नाक पडद्याला टेकायचं. आवाजाचं बटण केसभर इकडेतिकडे झालं तर प्रोग्राम भरतच नसे. सगळं जमून 'माय डिअर सन' उमटावं, तोच खालची गिरणी सुरू व्हायची, दिवा लुकलुकायचा आणि लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. मियाँ खिडकीतून गिरणीवाल्या काळूला दळण थांबवायला सांगत. तो वर न बघता म्हणे, "चाचा, पत्र थांबंल, बाजरी थांबायची नाय."

असे दोन महिने गेले. कुवेतला पत्रही गेलं नाही आणि कॅसेटही. पोराला आईचा आवाज नकोसा झाला, असं बाई शेजारणींना सांगत आणि पदराला डोळे पुसत.

अखेर एका शुक्रवारी गिरणीला सुट्टी होती, म्हणून पत्र पुरं झालं. कागद कुठून निघणार, असं बाईंनी विचारलं. छापायचं यंत्र वेगळं असतं, ते अन्सार पुढच्या खेपेला आणणार आहे, मियाँ म्हणाले. तोवर पत्र कॅसेटवर भरायचं. त्याच्या ऑफिसात असलाच कॉम्प्युटर आहे, त्यावर तो वाचेल.

"म्हणजे जाणार कॅसेटच?"

"हो."

"आणि त्यात ती किंचाळी?"

"हो."

"मग मी काय त्याहून वाईट बोलत होते?"

मियाँ टोपी घालून चहाला बाहेर पडले.

बाईंनी दोन्ही कॅसेटी समोर ठेवल्या आणि निवड केली. जिच्यात टेप जास्त, ती चांगली. कंपनीच्या कॅसेटवर पुन्हा भरता येत नाही, पण कडेच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की येतं, हे त्या काळी पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्यांनी बोळा कोंबला आणि लाल बटण दाबलं. येवल्याला दिलेल्या लेकीचं, ताहेराचं बाळंतपण, काळूचा उर्मटपणा, अब्बांचा वाकडा झालेला चष्मा, सगळं आलं. शेवटी म्हणाल्या, "आवाज नको असेल तर लावू नकोस बेटा. पण मला बोलायचं होतं." आणि ती बाजू संपली.

प्रोग्राम पुसला गेल्याचं कळल्यावर मियाँनी कपाळावर हात मारला, पण कॅसेट पोस्टात त्यांनीच टाकली.

अन्सारचं उत्तर आलं ते बोललेलंच. "अम्मी, आवाज नको म्हणून नव्हतं सांगितलं. एका खोलीत आम्ही आठ जण राहतो. तुझी कॅसेट लावली की मला रडू येतं आणि बाकीचे बघत बसतात."

पुढे बराच वेळ टेप नुसतीच फिरत राहिली. संपली असं समजून मियाँ ती बंद करायला उठले, तेवढ्यात तो पुन्हा बोलला.

"पण दुसरी बाजू कोरी का ठेवलीस?"