मावशींनी माझी चूक लेखी दिली होती

सतराव्या वर्षी मी एका बाईचं गुपित फोडलं.
आणि ज्यांनी माझी ती चूक माझ्याच शिफारसपत्रात लेखी दिली, त्या डॉक्टर सुमनमावशी आज सकाळी गेल्या.

सख्ख्या मावशी नव्हेत. मूळच्या नागपूरच्या, आणि इथे इंग्लंडमध्ये, स्लाऊत, आपल्या निम्म्या लोकांच्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर.

१९८९. मी सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपली अकरावी-बारावी. मेडिसिनला अप्लाय करायचं तर डॉक्टरचं काम जवळून बघितल्याचं पत्र हवं होतं. आता पोरं त्याला शॅडोइंग म्हणतात. आम्ही वर्क एक्स्पिरियन्स म्हणायचो.
वर्गातल्या मुलींचे डॅड नाहीतर अंकल हॉस्पिटलात कन्सल्टंट होते. माझे बाबा बस चालवायचे आणि आई ट्रेडिंग इस्टेटवरच्या कारखान्यात पॅकिंगला होती.

आपल्या समाजाच्या हॉलवर भीमजयंतीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेतच आईनं मावशींना गाठलं.
"ताई, दोन ओळी लिहून द्या ना पोरीला. तुमच्याकडे येऊन गेली म्हणून."
"आली कुठे अजून? येऊ दे की. दोन आठवडे. मग देते."

सुट्टी गेली म्हणून मी घरभर आदळआपट केली.

पहिले तीन दिवस तर त्यांनी मला नुसतं वेटिंग रूममध्ये बसवलं. "लोक आत यायच्या आधी कसे बसतात ते बघ."
मला वाटलं, बाई टाइमपास करतायत.
चौथ्या दिवशी आत घेतलं. कोपऱ्यातली खुर्ची. प्रत्येक पेशंटला विचारायच्या, ही बसली तर चालेल का? नाही म्हटलं तरी काही हरकत नाही. कुणी नाही म्हटलं की मी बाहेर.

दुसऱ्या सोमवारी एक काकू आल्या. नाव लिहीत नाही. हॉलमध्ये माझ्या ताटात हमखास दुसरी जिलबी टाकणाऱ्या.
"ही आमची मित्रा. बसली तर चालेल?"
"अहो, आपलीच तर पोरगी!"

त्यांना काय झालं होतं तेही लिहीत नाही. साधं नव्हतं एवढंच.
जाताना म्हणाल्या, "घरी ह्यांना अजून बोलले नाही मी."

संध्याकाळी आईनं विचारलं, "काय गं, आज कोण कोण आलं?"
आणि मी सांगितलं. सगळं. मोठी डॉक्टर झाल्याच्या थाटात!
आईला सांगणं म्हणजे काय बाहेर सांगणं असतं का, असं मला खरंच वाटत होतं.

आई चुगलखोर नाही हो. तोच तर घोळ झाला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून तिनं भाकरी आणि वांग्याची भाजी केली, डबा भरला आणि थेट काकूंच्या घरी गेली.
दार काकांनी उघडलं.
"भाऊ, काळजी करू नका. ताई बऱ्या होतील."
काकांना काहीच माहीत नव्हतं.

आई डबा तसाच घेऊन परत आली. दारात काय झालं ते तिनंच मला सांगितलं.

सकाळी सर्जरी, म्हणजे त्यांचा दवाखाना, उघडायच्या आधी मी मावशींसमोर उभी होते. सांगितलं तर पत्र गेलं, आणि पत्र नाही तर मेडिसिन नाही. हा विचार मनात आलाच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. बसमध्ये बसून मी तेवढाच विचार करत होते.

मावशी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
"आपल्या लोकांना एकमेकांचं दुःख वाटून घ्यायची सवय आहे. चांगली आहे. पण ते तिचं होतं, मित्रा. कुणाला सांगायचं ते तिनं ठरवायचं. आता तिच्याकडे जा. एकटी जा."

गेले. काकूंनी मला आत बोलावलं नाही.
"ह्यांना माझ्या तोंडानं सांगायचं होतं गं मला."
एवढंच. आणि दार लावलं, तेही हळू.

उरलेले दिवस मी परत वेटिंग रूममध्ये होते. मावशींनी पत्र बंद पाकिटात दिलं.

साउथहॅम्प्टनच्या मेडिकल कॉलेजचा इंटरव्ह्यू. समोर तिघं. एकानं पत्र वाचून चष्मा काढला.
"तू पेशंटची गोष्ट बाहेर बोललीस असं तुझ्या डॉक्टर लिहितात."
मनातल्या मनात मी मावशींचा असा उद्धार केला की काय सांगू!
मग सगळं सांगितलं. वेटिंग रूम, डबा, ते दार.
"त्या बाईंना काय झालं होतं?" त्यानं विचारलं.
"ते मला सांगता येणार नाही, सर."
त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मला सीट मिळाली.

"का लिहिलंत हो तसं?" मी मावशींना नंतर विचारलं.
"खोटं लिहिलं असतं तर पुढच्या चांगल्या ओळी कुणी खऱ्या मानल्या असत्या? तू आपणहून येऊन सांगितलंस, तेही लिहिलं होतं मी."

मागच्या वर्षी मावशींनी मला घरी बोलावून स्वतःचे रिपोर्ट दाखवले.
"मुलगा-सुनेला माहीत आहे. आणखी कुणाला नको."
"आईलाही नको?"
"तिला तर मुळीच नको. डबा घेऊन येईल!"
खूप हसलो आम्ही दोघी.

नंतर आई मला विचारत राहिली, "ताई हल्ली हॉलवर दिसत नाहीत गं?"
मी म्हणायचे, "त्यांनाच फोन कर ना."

आज सकाळी तिला मावशी गेल्याचं सांगितलं.
ती खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "त्या आजारी होत्या, तुला माहीत होतं?"
"हो."
मला वाटलं आता चिडेल. ती रडायला लागली.
"बरोबर केलंस. पण एकदा तरी डबा नेला असता गं मी."

आत्ता ती किचनमध्ये भाकऱ्या थापतेय. मावशींच्या घरी जायला आम्ही दोघी थोड्या वेळात निघू.

मावशी, कुणाला नाही बोलले.
तुम्हाला शेवटचा जय भीम.